काशीला मॅच बघायला आलेले पाहुणे

काशीला फुटबॉलची मॅच बघायला कुणी येणार असेल, तर माझा एकच सल्ला आहे. नातेवाइकांकडं उतरू नका. धर्मशाळेत उतरा, स्टेशनवर झोपा, घाटावर एखाद्या साधूशेजारी पथारी टाका, पण दूधविनायकाच्या आळीत आपली मुलगी दिलेली असेल तर त्या घराच्या गल्लीतसुद्धा शिरू नका. हे मी त्या घरची सून म्हणून सांगते आहे. घरभेदी म्हणा हवं तर.

माझं माहेर कोल्हापूर. तिथं फुटबॉल हा खेळ नाही, भाऊबंदकी आहे. पेठेपेठेला तालीम, तालमीची टीम, आणि टीम हरली की त्या पेठेत संध्याकाळी चुली उशिरा पेटतात. मी शाळेत पाढे शिकले त्याच्या आधी कॉर्नर आणि फाऊल शिकले. लग्न होऊन काशीला आले तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "तुला काय काय येतं?" मी स्वयंपाकाचं सांगितलं, शिवणाचं सांगितलं. फुटबॉलचं सांगितलं नाही. माझं बोलणं ऐकूनच त्या बिचाऱ्या आधीच घाबरल्या होत्या. "मी बाजारला जातो," असं सून म्हणते म्हणजे हिला झालंय तरी काय, अशी शेजारच्या मंगला गौरीच्या आळीत चर्चा झाली होती.

सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणतात. ते यात्रेकरूंचे उपाध्याय. महाराष्ट्रातून जो येईल त्याला स्टेशनवरून आणायचं, घरी उतरवायचं, गंगेत बुडवायचं, देव दाखवायचे, पोटभर जेवू घालायचं आणि गंगाजलाचा गडू हातात देऊन परत गाडीत बसवायचं. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलेलं. त्यामुळं अण्णांच्या लेखी नर्मदेच्या पलीकडून मराठी बोलत आलेला प्रत्येक माणूस यात्रेकरूच. एकदा नागपूरकडचे एक साहेब आमच्या ह्यांच्या बँकेत तपासणीला आले. ह्यांनी कौतुकानं घरी जेवायला बोलावलं. दुसऱ्या दिवशी ते साहेब गुळगुळीत मुंडण करून तपासणीला बसले होते. कसं झालं ते त्यांनाही नीट सांगता येईना.

तर अशा घरात, नव्वदीच्या दशकातल्या एका थंडीत, माझा थोरला भाऊ मॅच बघायला आला.

त्या वर्षी विद्यापीठांच्या फुटबॉलच्या स्पर्धा काशीला ठरल्या होत्या आणि आमच्या कोल्हापूरच्या टीमचा गोलकीपर होता माझा भाचा, म्हणजे दादाचा मुलगा. दादाही एकेकाळी गोलकीपर. पण तालमीच्या टीममध्ये त्याचा बराचसा जन्म बाकावर गेला. जे स्वतःला जमलं नाही ते पोराकडून करून घ्यायचं म्हणून तो पोराच्या प्रत्येक मॅचला गोलच्या मागं उभा राहायचा आणि घसा फुटेस्तोवर ओरडायचा. "पुढं ये! मागं सर! गुडघे वाक! हात कुठायत तुझे?" घरी आल्यावर ताटावर बसल्या बसल्या पुन्हा सगळं पहिल्यापासून. पोराचा भात गार व्हायचा, ह्याचं भाषण गार व्हायचं नाही. शेवटी कॉलेजात गेल्यावर पोरानं एकदा शांतपणे सांगितलं, "पप्पा, तुम्ही मॅचला येत जाऊ नका."

दादा गेला नाही. पण मैदानाच्या भिंतीबाहेर चहाच्या गाड्यावर बसून आतला आरडाओरडा ऐकायचा आणि त्यावरून काय झालं असेल ते ताडायचा. वहिनी मला पत्रातून कळवायची. बापलेकांचं बोलणं "जेवलास का?" आणि "जेवलो" एवढ्यावर आलं होतं. त्यात तालमीतल्या कुणीतरी पसरवलं की हा मैदानात नसला की टीम जिंकते. झालं! पनवती म्हणून त्याचं नाव पडलं. माणूस हसण्यावारी न्यायचा, पण लागलं होतं त्याला.

त्या वर्षी पोराचं शेवटचं वर्ष होतं. पुढं नोकरी बघायची, खेळ संपला. काशीला निघताना बूट बांधता बांधता तो दाराकडं तोंड करून म्हणाला, "तिकडं आत्या आहे. आलात तर या मॅचला." बस्स, एवढंच. दादानं आमच्या शेजारच्या दुकानदाराच्या फोनवर मला बोलावून घेतलं आणि हे एकच वाक्य मला तीन-चारदा ऐकवलं. "त्यानं स्वतःहून म्हटलंय गं. या म्हणाला." त्याचा आवाज ऐकून माझा चेहरा असा झाला होता की दुकानदार मला म्हणाला, "सब ख़ैरियत तो है, बहूजी?"

दादा आला तो तालमीतल्या दोन दोस्तांना आणि एका हलगीला घेऊन. येणारच! कोल्हापूरचा माणूस मॅचला हलगीशिवाय जाणं म्हणजे वरातीला नवऱ्याशिवाय जाणं. धुक्यामुळं गाडी इतकी रखडली की पहिली मॅच त्यांच्या गाडीतच हुकली. ती आमच्या पोरांनी जिंकली होती. आता दुसरी मॅच उद्या दुपारी, आणि हरलेल्यानं घरी जायचं, असा मामला.

गल्लीत शिरल्यावर दोस्तांना राहवेना. त्यांनी हलगी काढून कडाडून वाजवली. आमच्या गल्लीतून मणिकर्णिकेच्या स्मशानाकडं जाणारे लोक रोजच जातात. वाजत गाजतही जातात. हलगी ऐकून दोन्ही बाजूंच्या दुकानदारांनी उठून हात जोडले आणि रस्ता मोकळा केला. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कौन गये, भइया?" दोस्त छाती काढून म्हणाला, "कोल्हापूर!" म्हाताऱ्यानं गावाच्या नावानं हळहळ व्यक्त केली. मी वरच्या खिडकीतून हे सगळं बघत होते आणि हसू की रडू ते कळत नव्हतं. म्हणून सांगते, हलगी आणायची तर आणा, पण गल्लीत वाजवू नका.

संध्याकाळी अण्णांनी कार्यक्रम सांगितला. पहाटे पंचगंगा घाटावर स्नान आणि संकल्प, मग बिंदुमाधव, मंगला गौरी, मग काळभैरव, विश्वनाथ, अन्नपूर्णा, मग घरी पुरणाचं जेवण, मग थोडा आराम, मग दुर्गाकुंड, मग संध्याकाळची आरती.

"अण्णा," दादा हात जोडून म्हणाला, "मॅच दोन वाजता आहे."

"अहो पाहुणे, काळभैरव म्हणजे काशीचे कोतवाल. त्यांची परवानगी घेतल्याशिवाय इथं पान हलत नाही. तुमची मॅच तरी कशी होईल?"

"पण अण्णा," मी पदर खोचून मध्ये पडले, "ही माणसं मॅचसाठी आलीत. यात्रा करायला नाही आलेली."

अण्णा माझ्याकडं बघून मायेनं हसले. ते हसले की आपण हरलो असं समजायचं. "सूनबाई, निमित्त काहीही असो. बोलावतो तो विश्वेश्वर. कुणाला आजारपण पाठवून बोलावतो, कुणाला बँकेची तपासणी पाठवून. ह्यांना फुटबॉल पाठवून बोलावलंय."

विश्वेश्वराला मध्ये घातल्यावर मॅचचं वेळापत्रक कोण बघतो? शेवटी एवढीच सवलत मिळाली की दुर्गाकुंड परवावर ढकललं.

आमच्या ह्यांनी रात्रीच्या जेवणाआधी रस्त्याचा सल्ला दिला. विद्यापीठ शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, लंका नावाच्या चौकाच्या पुढं. हे म्हणाले, मैदागिनहून ऑटो करा. दीर म्हणाला, यार भैया, गोदौलियाला जाम मिळेल, नावेनं जा. शेजारचे काका मुद्दाम वर येऊन म्हणाले की सकाळी धुक्यात नाव कोण घालणार, त्यापेक्षा पायी निघा आणि वाटेत मलइयो, म्हणजे तो थंडीतला गोड दुधाचा फेस, खात खात जा. चौथ्यानं सांगितलं की जायचंच कशाला, बनारसमध्ये दोन म्हणजे चार. प्रत्येकजण इतका खात्रीनं बोलत होता की दादानं सगळ्यांना मान डोलावली आणि कुणाचंच ऐकलं नाही. ते मात्र बरं केलं.

पहाटे घाटावर धुकं असं की पायरी संपून पाणी कुठं सुरू होतं ते पाय भिजल्यावर कळायचं. दोस्तांनी पहिली बुडी मारली आणि गंगामाईच्या नावाच्या जागी स्वतःच्या आईचं नाव घेतलं. मी पायरीवर कोरडे टॉवेल घेऊन उभी होते.

काशीला आलं की एक आवडती गोष्ट कायमची सोडून जायची, अशी रीत आहे. फळ, भाजी, पक्वान्न, जिवाला जे लागलेलं असेल ते. गंगेत उभं राहून ओंजळीत पाणी घ्यायचं, त्या वस्तूचं नाव घ्यायचं आणि पाणी सोडायचं. पुन्हा जन्मात तिच्याकडं वळायचं नाही. रीत फार मोठ्या मनाची आहे, आणि आपली माणसं फार हुशार आहेत. अण्णांच्या समोर आजवर जेवढ्यांनी पाणी सोडलं त्यातल्या निम्म्यांनी कारलं सोडलं आणि उरलेल्यांनी पडवळ. मी स्वतः लग्नाच्या वर्षी दुधी सोडला. मला दुधी लहानपणापासून डोळ्यांसमोर नको असतो. सासूबाई त्यानंतर वर्षभर म्हणत होत्या, "पोरीनं केवढा त्याग केला!"

अण्णांनी पहिल्या दोस्ताला विचारलं, "काय सोडता?"

"कारलं," तो दात वाजवत म्हणाला.

"तुम्ही?"

"शेपू."

त्या दिवशी अण्णांचं काय बिनसलं होतं कुणास ठाऊक. इतक्या वर्षांची तुंबलेली वाफ एकदम बाहेर आली. "अहो, आवडीची वस्तू म्हणतोय मी, आवडीची! सगळा महाराष्ट्र इथं येऊन कारलं सोडून गेला, तर तुमच्या मंडईतली कारली खातं कोण? गंगामाईला एवढंही कळत नाही होय? पुण्य पदरात हवं आणि जिभेला झळ नको! ज्याच्यासाठी जीव तुटेल असं काही सोडून दाखवा, मग मागा जे मागायचं ते!"

दोस्त खाली बघायला लागले. दादा मात्र अण्णांकडं बघत होता. कमरेइतक्या पाण्यात ओंजळ धरून तो नुसता उभा. ओठ निळे पडलेले. मग त्यानं डोळे मिटले आणि स्पष्ट आवाजात म्हणाला, "फुटबॉलची मॅच बघणं सोडलं." आणि पाणी सोडलं.

अण्णांच्या तोंडून पुढचा मंत्र सवयीनं निघून गेला. तो संपल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपण काय पक्कं केलं. तोवर उशीर झाला होता.

"अरे येड्या," दोस्त ओरडला, "कधीपासनं?"

"आत्तापासनं."

मी टॉवेल टाकून पाण्याच्या कडेपर्यंत गेले. "दादा! डोकं ठिकाणावर आहे का तुझं? पोरानं बोलावलंय तुला! दोन रात्री गाडीत कुडकुडत आलास ते काय कारल्यासारखं सोडून द्यायला?"

"म्हणून तर सोडलं," तो म्हणाला. "पोरगं जिंकू दे. त्याची शेवटची स्पर्धा आहे. मी बघितलं की हरतात हे अख्ख्या पेठेला ठाऊक आहे."

"मग आता घरी बसणार?"

"छे! त्यानं या म्हटलंय. मी जाणार. पाठ करून बसतो."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि रागही आला. दोन्ही एकदम आलं की मला बोलता येत नाही, म्हणून मी टॉवेल उचलून त्याच्या अंगावर फेकला.

खरा घोर लागला तो अण्णांना. देवळं झाली, जेवण झालं, तरी तो सुटेना. त्यांच्या धंद्यात पळवाटा भरपूर आहेत. गाय दान करायची आणि गाय नसेल तर नारळ चालतो. उपास करायचा आणि झेपत नसेल तर दुसऱ्याला जेवू घातलं तरी चालतं. पण सोडलेली गोष्ट मनापासून पाळणारा यजमान त्यांना पहिल्यांदाच भेटला होता. आम्ही निघालो तसे तेही धोतर सावरत, शाल गुंडाळत, पुरणपोळ्यांचा डबा हातात घेऊन निघाले. म्हणाले, "यजमानाला एकटं सोडायचं नाही." ऑटोत ते माझ्या आडून दादाला हळूच म्हणाले, "अहो, ह्याला शास्त्रात तोड आहे. एक छोटंसं प्रायश्चित्त आहे, वाटेत लंकेवर नारळ मिळेल."

"नको अण्णा," दादा म्हणाला. "पोराच्या नावानं सोडलंय."

अण्णांनी डबा मांडीवर घट्ट धरला.

मैदान केवढं मोठं! एका बाजूला सिमेंटच्या पायऱ्या, मागं सायकलींचा ढीग आणि आंब्याच्या झाडांची रांग. धुकं जाऊन छान ऊन पडलं होतं. आम्ही सगळ्यात वरच्या रुंद पायरीवर बसलो. सगळे मैदानाकडं तोंड करून, आणि दादा एकटा आंब्यांकडं तोंड करून.

दुसऱ्या कुठल्याही गावात लोकांनी हसून बेजार केलं असतं. इथं शेजारी बसलेल्या पान खाणाऱ्या गृहस्थांनी फक्त विचारलं, "भाई साहब उधर क्या देख रहे हैं?" दोस्तानं मोडक्या हिंदीत सांगितलं की गंगेत मॅच बघणं सोडलंय, मुलगा खेळतोय. त्यांनी पान गालात सरकवलं आणि म्हणाले, "अच्छा, व्रत है।" झालं. सगळ्या पायरीवर निरोप पोचला. कुणीतरी दादाला बसायला वर्तमानपत्र दिलं, कुणी पान दिलं. एक पोरगा त्याच्या समोर उभा राहून मॅच बघत होता, त्याला म्हाताऱ्यांनी दरडावून बाजूला केलं, की त्यांच्या व्रतात अडथळा नको. समोर काय होतं? सायकली! एका बाईनं तर जाता जाता दादाला नमस्कार केला. काशीत माणूस काय करतो ह्याला महत्त्व नाही, तो ते कुठल्या नियमानं करतो एवढं सांगता आलं पाहिजे.

मॅच सुरू झाली. समोरची टीम बंगालकडची, पायात बॉल चिकटवल्यासारखी खेळणारी. दादा म्हणाला, "सांग." आणि मी सांगायला लागले. लग्नानंतर माझं फुटबॉल सुटलं होतं, पण तोंड कुठं सुटतंय? "त्यांचा डावीकडचा पळतोय, आपला बॅक गंडला, आला आत, मारला... आणि पोरानं उडी मारून बाहेर काढला!" दादा आंब्यांकडं बघून टाळ्या वाजवायचा. दोस्तांची हलगी घुमायची. तिला इथं मात्र कुणी हात जोडले नाहीत, नाचायला लागले.

बनारसच्या प्रेक्षकांची एक गंमत आहे. त्यांना जिंकणाऱ्याशी देणंघेणं नसतं. जो मार खातो तो त्यांचा. पहिल्या अर्ध्या तासात आमचीच टीम मार खात होती, त्यामुळं सगळी पायरी आमची झाली.

अण्णांना मात्र उमज पडेना. "अर्धा तास झाला आणि अजून एकही नाही? मग हे करतायत काय?" मग हळूहळू ते पुढं सरकले. मग उभे राहिले. मग मी ऐकलं, आमचे अण्णा, ज्यांच्या तोंडात संस्कृतशिवाय काही शोभत नाही असं सगळं दूधविनायक समजतं, ते शाल फडकवत ओरडत होते, "अरे मार ना! मार! खड़ा काहे हौवा?"

हाफ टाइमला भाचा दोरीपाशी पाणी प्यायला आला. मी खाली गेले. तो घामानं निथळत होता, पण पहिला प्रश्न काय? "आत्या, पप्पा रागावलेत का? पाठ फिरवून बसलेत."

मी काय झालं ते सांगितलं. त्यानं वर पायरीकडं बघितलं. मग हसला, आणि हसता हसता डोळे पुसले. "एकदाही बघितलं नाही?"

"एकदाही नाही. मीच सांगत्येय सगळं."

"वेडे आहेत पप्पा," तो म्हणाला आणि पळत गेला. पण त्याचे खांदे सैल झालेले मला दिसले.

दुसऱ्या अर्ध्यात तो असा काही खेळला की माझ्या बापजन्मी मी तसा गोलकीपर बघितला नव्हता. बॉल कुठूनही येऊ दे, हा तिथं हजर. माझा घसा बसला. दादा विचारायचा, "पुढं आला होता का? गुडघे वाकवले का?" मी म्हणायचे, "सगळं केलं रे, तुझ्याशिवाय केलं!" तो आंब्यांना सांगायचा, "बघा."

मॅच संपत आली. अजून गोल नाही. आणि त्यांना फ्री किक मिळाली, चांगली लांबून. आमची भिंत उभी राहिली. हलगी गप्प. मी सांगत होते, "त्यांचा उंच पोरगा मारणार आहे... मागं सरला... पळत आला..."

आणि माझं तोंडच बंद पडलं. बॉल साधा होता. सरळ, छातीच्या उंचीवर, हातात येणारा. असे बॉल आमचं पोरगं झोपेत धरतं. पण त्यानं डोळे आधीच उचलून कुणाला बॉल द्यायचा ते बघितलं, आणि हात थोडे उशिरा आले. मला दिसत होतं काय होणार ते.

मी का थांबले म्हणून दादा वळला.

त्यानं बघितलं. बॉल बोटांतून सुटताना बघितला, मागं जाळीत जाताना बघितला, पोरगं मातीत गुडघ्यावर बसताना बघितलं. पूर्ण बघितलं. मग पुन्हा आंब्यांकडं तोंड केलं. सगळी पायरी "अरे रे रे" करत मैदानाकडं बघत होती. त्याला वळताना मी एकटीनं पाहिलं.

मी त्याच्या शेजारी बसले. "माझी नजर लागली गं," तो म्हणाला.

मला इतका संताप आला! "गप बस. बापाची नजर लागत नसते. पुन्हा असं बोललास तर मी तुला इथंच मारीन."

आम्ही हरलो. बनारसचे प्रेक्षक हरलेल्या टीमसाठी उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि आमच्या पोरांची मान वर करून बघायची हिंमत होत नव्हती.

सगळे पांगल्यावर भाचा पायऱ्या चढून आला. मोजे खाली घसरलेले, हातमोजे हातात. बापाच्या शेजारी बसला, आंब्यांकडंच तोंड करून.

"हरलो, पप्पा."

"कळलं आवाजावरनं," दादा म्हणाला. "मी कुठं बघितलंय? सांग बघू काय काय झालं ते."

पोरानं माझ्याकडं बघितलं. मी पिशवीत काहीतरी शोधायला लागले.

मग तो बोलायला लागला. पहिल्या मिनिटापासून. ते डावीकडचं पोरगं कसं आत घुसायचं, कॉर्नरला कुणी कुणाचा शर्ट ओढला, कुठला बॉल नखानं बाहेर काढला. हातांनी दाखवत, मध्येच उठून उभा राहत. दादा विचारत होता, "मग? पुढं आलास?" "आलो ना!" "शाब्बास!" एवढं त्या दोघांना बोलताना मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. दोस्त हलगीवर हात ठेवून ऐकत होते.

मग फ्री किक आली. पोरगं हातमोज्याचं एकेक बोट ओढत बसलं.

"बॉल सरळ येत होता, पप्पा. हातातच होता. ऐन वेळेला वाऱ्यानं वळला."

"वारा?" अण्णा म्हणाले आणि पुढं आणखी काही म्हणणार, तेवढ्यात मी डबा उघडून त्यांच्या हातात पुरणपोळी ठेवली.

ह्याच चुकीसाठी दादानं पूर्वी आख्खी रात्र ओरडून काढली असती. मी त्याच्याकडं बघत होते. त्यानं पोराच्या पाठीवर हात ठेवला, मातीसकट.

"असं व्हय," तो म्हणाला. "नदीकाठचं गाव आहे बाबा. वारा असायचाच."

"लई होता, पप्पा," पोरगं म्हणालं.

आमच्या समोर आंब्याच्या झाडांची आख्खी रांग होती. एक पान हलत नव्हतं.